कोवळ्या सागरी कासवांची भ्रमंती आणि त्यांची चराऊ कुरणे
(प्राथमिक शिक्षकांच्या उजळणी वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



समुद्री कासवाचा पाठ बहुतेक वर्गांत एकाच धाटणीने सांगितला जातो. मादी रात्रीच्या वेळी वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून निघून जाते. पुढे पन्नास-साठ दिवसांनी पिले बाहेर पडून समुद्राकडे धावतात, आणि मोठी झाल्यावर त्यांतील माद्या त्याच किनाऱ्याच्या आसपास अंडी घालण्यास परत येतात. यात खोटे असे काही नाही. परंतु 'समुद्राकडे धावतात' आणि 'परत येतात' या दोन शब्दप्रयोगांच्या मध्ये वीस-पंचवीस वर्षांचा काळ गेलेला असतो. हिरव्या कासवाच्या बाबतीत तर पुष्कळदा त्याहूनही अधिक. कासवाचे सारे बालपण आणि तारुण्याचा आरंभ या काळात येतो, आणि पाठात मात्र त्याला एक ओळही मिळत नाही. एखादा चौकस विद्यार्थी नेमका तेथेच अडतो. "गुरुजी, पिलू पाण्यात गेले. मग पुढे ते राहते कुठे? खाते काय?" 'ते खोल समुद्रात जाते' एवढे उत्तर मिळाले की मूल गप्प बसते, पण त्याचे समाधान होत नाही. शास्त्रज्ञांचेही ते फार काळ झालेले नव्हते.

अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार (१९०९–१९८७) यांनी १९५५ पासून मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात, टॉर्टुग्वेरो येथील किनाऱ्यावर, अंडी घालण्यास येणाऱ्या माद्यांच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायांना धातूचे बिल्ले लावण्यास प्रारंभ केला. बिल्ला परत पाठविणाऱ्यास बक्षीस ठेवले होते. कोळ्यांनी ठिकठिकाणांहून बिल्ले धाडले, आणि त्यावरून प्रौढ माद्या अंडी घालून झाल्यावर निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळील गवताळ उथळ समुद्रात चरावयास जातात, हे उघड झाले. पिलांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. नुकते जन्मलेले पिलू दोन बोटांवर मावेल एवढे, वजनाने जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. त्याला बिल्ला लावायचा कोठे? किनारा सोडलेले पिलू पुन्हा दृष्टीस पडे ते एकदम ताटाएवढे झाल्यावर. मधल्या काळाला कार यांनी 'हरवलेले वर्ष' असे नाव दिले. पुढे असे आढळून आले की हे वर्ष एक नव्हतेच. अटलांटिक महासागरातील लॉगरहेड जातीच्या कासवांच्या बाबतीत हा काळ साधारणतः सात ते बारा वर्षांचा भरतो.

या काळाची हकीगत लॉगरहेडच्या बाबतीत सर्वांत चांगली माहीत झाली आहे. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर जन्मलेले पिलू लाटांना तोंड देत एक-दीड दिवस जवळजवळ अखंड पोहते. अंड्यातील बलकाचा काही भाग त्याच्या पोटात शिल्लक असतो, तीच त्याची शिदोरी. अशा रीतीने ते गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहात पोहोचते. तेथे सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ मोठमोठ्या तरंगत्या चटयांच्या रूपाने वाहत असते. त्या शेवाळात पिलाला आडोसा मिळतो आणि बारीकसारीक जीव खावयास मिळतात. पुढे उत्तर अटलांटिकच्या विशाल चक्राकार प्रवाहाबरोबर ही पिले अझोर्स आणि मदेरा या बेटांच्या परिसरापर्यंत, म्हणजे युरोप-आफ्रिकेच्या बाजूपर्यंत जातात. काही मात्र तो प्रवाह मध्येच सोडून सरगॅसो समुद्राकडे वळतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतरा लहानग्या लॉगरहेडच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी, उपग्रहाशी संपर्क ठेवणारी चिमुकली यंत्रे बसविली होती, त्यावरून हे दिसून आले. वाढत्या कवचावर ती यंत्रे टिकेनात. अखेर बायका नखांना जो लेप लावतात त्याच जातीच्या लेपाने काम भागले.

पिलू केवळ वाहत जाते, असा पूर्वी समज होता. तो आता टिकत नाही. मेक्सिकोच्या आखातात कोवळ्या कासवांच्या बरोबरीने पाण्यात तरंगती यंत्रे सोडून पाहिली, तेव्हा थोड्याच दिवसांत दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ओंडका प्रवाहाबरोबर जाईल तिकडे जातो. कासव प्रवाहात राहूनही आपल्या बाजूने थोडे थोडे पोहत असते.

परंतु ज्याने कधी समुद्र पाहिलेला नाही, ज्याच्याबरोबर आई नाही की कळप नाही, त्या पिलाला कोणत्या बाजूने पोहावे हे कळते कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील केनेथ लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे केला आहे. त्यांची प्रयोगाची रीत समजण्यास सोपी आहे. एका गोल टाकीत पाणी भरावयाचे. पिलाला कापडाचे अंगडे घालून दोरीने मध्यावरच्या फिरत्या दांडीला बांधावयाचे. आणि टाकीभोवती तारांची वेटोळी उभारून त्यांतून वीज सोडावयाची. विजेमुळे टाकीतील चुंबकीय क्षेत्र हवे तसे बदलता येते, म्हणजेच पिलू जागचे न हलता त्याला दूरच्या समुद्रातील चुंबकीय परिस्थितीत नेता येते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, घरट्यातून निघून अद्याप समुद्रात न शिरलेल्या पिलांना उत्तर फ्लॉरिडाजवळील क्षेत्र दिले तेव्हा ती पूर्व-आग्नेयेकडे पोहली. पोर्तुगालजवळील क्षेत्र दिले तेव्हा दक्षिणेकडे वळली, आणि चक्राच्या दक्षिण टोकाचे क्षेत्र दिले तेव्हा पश्चिम-वायव्येकडे. तीनही दिशा त्यांना उष्ण प्रवाहाच्या आत राखणाऱ्या आहेत. पोर्तुगालजवळ प्रवाहाला फाटा फुटतो. उत्तरेकडील फाट्यात सापडलेले पिलू ब्रिटनच्या बाजूच्या थंड पाण्यात जाऊन मरते. तेथे दक्षिणेकडे वळण्याची बुद्धी त्याच्या ठायी जन्मतःच असते.

येथवर सारे उपजत झाले. आता ज्या भागासाठी हा विषय मुद्दाम निवडला, तो भाग येतो.

काही वर्षे उघड्या महासागरात काढल्यावर कोवळे कासव किनाऱ्याकडे येते. अटलांटिकमधील हिरवे कासव पाठीचे कवच पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब झाले की येते. लॉगरहेड मात्र बहुधा अर्ध्या मीटरचे झाल्यावर. यानंतर त्याचे राहणे, खाणे सारेच पालटते. लॉगरहेड तळाशी जाऊन खेकडे आणि शिंपले फोडून खाऊ लागते. हिरव्या कासवाचा पालट तर अधिकच नवलाचा आहे. लहानपणी लहानसहान प्राणी खाणारे हे कासव उथळ पाण्यातील सागरी गवतावर आणि शेवाळावर राहू लागते. अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांजवळ या गवताच्या एका जातीला लोक कासवांचेच गवत म्हणतात.

हे चरणे बेशिस्त नसते. बहामा बेटांतील ग्रेट इनाग्वा येथे कॅरेन ब्यॉर्नडाल यांनी दीर्घकाळ निरीक्षणे केली. तेथील हिरवी कासवे सगळ्या कुरणावर तोंड टाकीत फिरत नव्हती. विशिष्ट वाफे निवडून त्यांतीलच गवत ती पुनःपुन्हा खुडीत होती. खुडलेल्या जागी फुटणारी कोवळी पाती अधिक पौष्टिक असतात आणि जून पात्यांपेक्षा पचावयास हलकी. शेजारी गुडघाभर गवत वाढलेले असूनही गुरे नुकत्याच फुटलेल्या हिरवळीकडे कशी ओढ घेतात, हे ग्रामीण शिक्षकास वेगळे सांगावयास नको. अनेक ठिकाणी कासवाचा दिनक्रमही ठरल्यासारखा असतो: रात्री खडकाच्या कपारीखाली विसावा, सकाळी कुरणावर, संध्याकाळी पुन्हा कपारीकडे. महासागर ओलांडून आलेला हा प्राणी आता काही चौरस किलोमीटरांच्या आत वर्षानुवर्षे राहतो.

उत्तर अटलांटिकमधील बर्म्युडा बेटाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तेथील समुद्रात हिरवी कासवे पुष्कळ, पण जवळजवळ सारी कोवळी. ताटाएवढी असताना ती येतात, अनेक वर्षे तेथील गवतावर वाढतात आणि प्रौढ होण्यापूर्वी निघून जातात. १९६८ पासून तेथे कासवांना बिल्ले लावण्याचे काम सुरू झाले, आणि बर्म्युडाचे बिल्ले पुढे निकाराग्वा, क्यूबा अशा दूरच्या ठिकाणांहून परत आले. बर्म्युडा ही जणू त्यांची प्राथमिक शाळा. पुढील इयत्ता दुसऱ्या कुरणावर. या बेटाच्या विधिमंडळाने १६२० सालीच लहान कासवे मारण्यास मनाई करणारा कायदा केला होता. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना कासवाच्या प्रवासाचे ज्ञान नव्हते. कोवळी कासवे मारीत गेले तर उद्या कासवच उरणार नाही, एवढे मात्र त्यांना दिसत होते.

कोवळे कासव एका कुरणावर रुळले म्हणजे ते त्या जागेला किती धरून असते, याची परीक्षा उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर झाली. तेथील खाड्यांत कोळी खुंटांवर जाळी बांधून मासे धरतात. त्या जाळ्यांत कोवळी लॉगरहेड आणि हिरवी कासवे जिवंत सापडतात. ती दूर नेऊन सोडली असता त्यांतील पुष्कळशी आपल्या ठिकाणी परत आली. टाकीत बांधून पाहिली तेव्हा ज्या दिशेला त्यांचे ठिकाण होते त्याच दिशेला त्यांनी तोंड केले. हिवाळ्यात तेथील पाणी फार थंड होते. पाण्याचे तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसखाली गेले की कासव बधिर होऊन पाण्यावर तरंगू लागते आणि वेळीच मदत न मिळाल्यास मरते. म्हणून शरद ऋतूत ती दक्षिणेकडे किंवा खोल, उबदार पाण्याकडे जातात. वसंतात परत येतात ती बव्हंशी आपल्याच पूर्वीच्या खाडीत.

दिशा कळण्याचे त्यांचे साधन कोणते, हे पाहण्यासाठी काही कासवांच्या डोक्यावर चुंबक बांधला, काहींच्या डोळ्यांवर धुरकट काचा बसविल्या. केवळ चुंबक बांधला तरी कासव दिशा चुकले नाही, कारण आकाशाचा उजेड त्याला दिसत होता. केवळ काचा बसविल्या तरी चुकले नाही, कारण पृथ्वीचे चुंबकत्व त्याला जाणवत होते. दोन्ही उपाय एकदम केले, तेव्हा मात्र ते भांबावले. वाटाड्या एकच ठेवला की प्रवासी केव्हातरी फसतो. कासवाने दोन ठेवले आहेत.

तथापि दिशा कळणे आणि आपण कोठे आहोत हे कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. होकायंत्र उत्तर दाखविते; आपले गाव उत्तरेस आहे की दक्षिणेस, हे ते सांगत नाही. त्यासाठी नकाशा पाहिजे. २००४ साली लोमन यांच्या चमूने फ्लॉरिडातील मेलबर्न बीच येथील कुरणावरची कोवळी हिरवी कासवे घेतली. त्यांना त्या जागेजवळच टाकीत ठेवून सुमारे ३४० किलोमीटर उत्तरेकडील ठिकाणाचे चुंबकीय क्षेत्र दिले, तेव्हा ती दक्षिणेकडे पोहू लागली. तेवढ्याच अंतरावरील दक्षिणेचे क्षेत्र दिले, तेव्हा उत्तरेकडे. शरीराने ती घरापाशीच होती, पण चुंबकत्वावरून आपण परमुलखात पडलो असे समजून घराकडे निघाली होती.

हा नकाशा पिलाच्या उपजत बुद्धीपेक्षा वेगळा आहे. कोणते कुरण आपल्या वाट्यास येणार, हे कोणत्याही पिलाला जन्मतः ठाऊक असणे शक्य नाही. ते शिकावेच लागत असणार, असा तर्क पुष्कळ दिवस होता. त्याला प्रयोगाचा आधार २०२५ साली मिळाला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोवळ्या लॉगरहेडना दोन ठिकाणांची चुंबकीय क्षेत्रे सारख्याच वेळा अनुभवण्यास दिली, परंतु खाणे मात्र त्यांपैकी एकातच दिले. काही आठवड्यांनी खाणे न देता नुसतेच क्षेत्र दिले. ज्या क्षेत्रात पूर्वी अन्न मिळाले होते, ते सुरू होताच कासवे पाण्याबाहेर डोके काढीत, तोंड उघडीत, पुढचे पाय फडफडवीत आणि कधी जागच्या जागी गिरकी घेत. संशोधकांनी याला कासवांचा नाच म्हटले आहे. चार महिन्यांनंतरही ती ओळख पुसली गेली नव्हती. मधल्या सुट्टीत खिचडीचा वास आल्यावर वर्गात जी चुळबुळ सुरू होते, तिच्याशी शिक्षकांचा परिचय असल्याने या नाचाचा अर्थ त्यांना सहज उमगेल.

म्हणून वर्गात 'कासवाला उपजत बुद्धी असते' एवढे सांगून थांबणे पुरेसे नाही. दूध पिणे वासराला शिकवावे लागत नाही, पण गोठ्याची वाट त्याला शिकावी लागते. कासवाचेही तसेच आहे. पिलाला चुंबकत्व ओळखण्याची शक्ती आणि काही ठळक ठिकाणी वळण्याच्या दिशा उपजत मिळतात. आपले कुरण कोणते आणि तेथे परत कसे यावे, हे ते राहून, खाऊन, फिरून शिकते.

चुंबकत्वावरून ठिकाण कळते म्हणजे काय, हे मुलांना दाखविण्यास फारशी सामग्री लागत नाही. एक लांब शिवणाची सुई घ्यावी. बारीक दोरा तिच्या मध्याशी बांधून ती अगदी आडवी, समतोल राहील अशी टांगावी. मग दोऱ्याची गाठ न हलविता तीवर चुंबक एकाच दिशेने पुष्कळदा घासावा. सुई पुन्हा टांगली म्हणजे ती उत्तर-दक्षिण होईलच, परंतु नीट पाहिल्यास तिचे उत्तरेकडील टोक किंचित खाली झुकलेले दिसेल. या झुकावाला नती म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवावर ती नव्वद अंश असते. चुंबकीय विषुववृत्तावर, जे भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, ती शून्य असते. मुंबईजवळ ती पंचवीस अंशांच्या आसपास भरते, फ्लॉरिडात पन्नासाहून अधिक. नती आणि चुंबकीय बलाची तीव्रता या दोन्ही गोष्टी जागोजागी बदलतात; त्यांच्या जोडीवरून कासवाला ठिकाण ओळखता येते. गाठ मध्यावर बसण्यास चार-सहा प्रयत्न करावे लागतील. ते मुलांकडूनच करवून घ्यावेत.

कुरण शिकलेले कासव त्याच कुरणास जन्मभर चिकटून राहते असे मात्र नाही. याचा अनुभव आपल्या अरबी समुद्रातच आला आहे. लक्षद्वीप बेटांभोवती प्रवाळांच्या कड्यांनी वेढलेली उथळ, संथ पाण्याची खारकच्छे आहेत आणि त्यांत सागरी गवताची कुरणे होती. या शतकाच्या पहिल्या दशकात अगत्ती बेटाच्या खारकच्छात हिरवी कासवे फार मोठ्या संख्येने जमली. त्यांच्या चरण्याने गवत आखूड झाले, मग विरळ झाले, काही जातींचे जवळजवळ नाहीसे झाले. गवत संपताच कासवे दुसऱ्या बेटाच्या खारकच्छाकडे वळली, आणि तेथेही तोच क्रम घडला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकामागून एक कुरणे अशा रीतीने निकामी झाल्याची नोंद आहे. गवतात ज्या मासळीची पिले वाढत ती मासळी घटली. कोळ्यांचा रोष कासवांवर झाला, आणि तो समजण्यासारखा होता: कासवाला कायद्याचे संरक्षण, आणि रिकामे जाळे मात्र कोळ्याच्या हाती. तरीही दोष एकट्या कासवाच्या माथी मारता येत नाही. मोठ्या शार्क माशांची संख्या माणसाने जगभर घटविली आहे, आणि जगातील कित्येक उथळ किनाऱ्यांवरील गवताची कुरणे गाळ, बांधकाम व सांडपाणी यांनी नष्ट झाली आहेत. उरलेल्या थोड्या कुरणांवर गर्दी झाली म्हणजे असे घडते. गावचे गायरान कमी झाल्यावर उरलेल्या तुकड्याची जी अवस्था होते, तीच येथे झाली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर कासवांचे नाव निघते ते बहुधा घरट्यांच्या निमित्ताने. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम आरंभिले, आणि ते पुढे किनाऱ्यावरील अनेक गावांत पोहोचले. २०२२ च्या जानेवारीत वेळास येथेच 'प्रथमा' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहयंत्र बसविण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेल्याचे दिसले. वाळूवर कासवाचे आयुष्य फार थोडे जाते. पिलू काही मिनिटे, मादी हंगामात काही तास. बाकीचे सारे आयुष्य पाण्यात, कुरणावर आणि वाटेवर जाते, आणि तेथे त्याची गाठ घरटी राखणाऱ्याशी पडत नाही, जाळे टाकणाऱ्याशी पडते.

त्या दृष्टीने किनाऱ्यावरील शाळांतून एक माहिती पालकांपर्यंत अवश्य पोहोचवावी. जाळ्यात अडकलेले कासव पाण्याखाली फार वेळ राहिले तर गुदमरून मरते, कारण त्याला श्वासासाठी वर यावे लागते. संरक्षित जलचर सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास कोळ्यास नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. तीत २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी अडकलेल्या प्राण्याचे, तो सोडतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे छायाचित्र जवळ असावे लागते. ते होडीवरील मोबाईलवर काढता येते. अर्ज लिहिण्याच्या कामी मात्र कित्येक घरांतून शिक्षकाचीच मदत मागितली जाईल.